साडेतीन फुटांवरून रस्ता

दिवाळी सरली की आमच्या बाजूच्या हवेला एक गोडसर, जरासा आंबूस वास सुटतो. कारखान्याची चिमणी आमच्या शाळेतून दिसत नाही, पण ती पेटल्याचं नाकाला आधी कळतं. मग रस्त्यावर पाचट दिसू लागतं, डांबराला चिरडलेल्या उसाचे पांढरे धागे चिकटतात, आणि वर्गात शिकवताना वाक्य मध्येच सोडावं लागतं, कारण बाहेरून मोठ्यानं गाणी लावलेला ट्रॅक्टर चाललेला असतो. तो जाईपर्यंत मी खडू हातात धरून उभी राहते. ट्रॅक्टर जातो, मागची पहिली ट्रॉली जाते, दुसरी जाते, खिडकीची तावदानं थरथरायची थांबतात, आणि मी सोडलेलं वाक्य शोधू लागते.

काल यंदाच्या हंगामातला पहिला ट्रॅक्टर गेला. तिसरीची पोरं गाण्यावर माना हलवत होती. मी मात्र खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि ज्या वर्षी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये रस्ता आणला होता, तो हंगाम आठवत राहिले.

माझं लहानपण खानापूरकडच्या एका खेड्यात गेलं. तिथं रस्ता ओलांडणं ही शिकायची गोष्ट नव्हती. रस्ता हीच खेळायची जागा होती. उसाच्या बैलगाड्या रांगेनं जायच्या आणि आम्ही मागून पळत जाऊन मोळीतला ऊस ओढायचो. गाडीवान चाबूक नुसता हवेत फिरवायचा. एकदा माझी धाकटी बहीण गाडीच्या पुढ्यात पडली, तेव्हा बैलच थांबले होते, गाडीवानाला तर डुलकी लागलेली. हे मी वर्गात सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. बैलांना रस्ता दिसायचा, ट्रॅक्टरला तो कुणीतरी बघून द्यावा लागतो. एवढा फरक एका आयुष्यात पडला, आणि रस्त्यावरच्या पोराची उंची मात्र तेवढीच राहिली.

आमची शाळा निपाणीहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून आहे. अलीकडे शाळा, पलीकडे बस थांबायची जागा, चहाची टपरी आणि तिच्यामागं मळ्यातली वस्ती. निम्मी पोरं त्या वस्तीतून येतात. हंगामात ट्रॅक्टरवाले टपरीवर चहाला थांबतात आणि भरलेल्या ट्रॉल्यांची भिंतच रस्त्याकडेला उभी राहते.

हॉलमध्ये रस्ता आणला त्याच्या आदल्या हंगामात, त्या भिंतीमागूनच तनुजा बाहेर आली होती. तेव्हा ती दुसरीत होती. तिनं एक ट्रॅक्टर जाऊ दिला, त्याच्या ट्रॉल्या जाऊ दिल्या आणि पाऊल टाकलं. ट्रॉल्यांना मागं टाकायला निघालेली मोटरसायकल तिला दिसली नाही, मोटरसायकलवाल्याला ती दिसली नाही. पाय मोडला. प्लास्टर निघालं, पावसाळ्यात ती पुन्हा वस्तीतल्या मातीत पळू लागली, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा सुस्कारा टाकला. पण शाळेच्या वाटेवर, डांबराची कड आली की तिचे पाय जागच्या जागी थिजायचे. ती रडायची नाही, हट्ट करायची नाही. नुसती उभी राहायची.

तिची आई, सुमनआक्का, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. लेकीला हाताला धरून शाळेत सोडायचं, पुन्हा पलीकडे जायचं आणि मागची बस धरायची, यात तिला रोज उशीर होऊ लागला. वखारीतला मुकादम आधी बोलला, मग त्यानं बोलणंच सोडलं, आणि सुमनआक्काला त्याच्या न बोलण्याची जास्त धास्ती वाटू लागली. तनुजाचे वडील भरमाण्णा स्वतः उसाचा ट्रॅक्टर चालवतात. हंगामात त्यांचा दिवस आणि रात्र कारखान्याच्या रांगेत जाते.

"संक्रांतीपतोर बघतो, बाई," सुमनआक्का मला म्हणाली. "न्हाय जमलं तर तिला माझ्या आईकडं ठिवतो. तिथं शाळा गावातच हाय. रस्ता न्हाय."

आमच्याकडे बायकाही "बघतो, जातो" असंच बोलतात. तनुजा आईच्या पदराआडून ऐकत होती. आजोळी जायचं म्हटल्यावर पोरं खुलतात. हिनं मान खाली घातली.

त्याच दिवसांत सुजाता शाळेत आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या मळ्यात राबायचे. ती शिकली, इंजिनियर झाली, आता बेळगावात टिळकवाडीत राहते आणि उद्यमबागेतल्या एका लहानशा कंपनीत काम करते. काय काम, हे तिनं मला पूर्वी फोनवर सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. फौंड्रीत नव्यानं आलेल्या कामगाराला वितळलेल्या लोखंडाजवळ नेण्याआधी ती त्याच्या डोळ्यांवर एक डबा बांधते. डब्यात त्याला भट्टी दिसते, मान वळवली की शेजारचा कामगार दिसतो, पाऊल चुकलं तर कुठं चुकलं ते दिसतं, आणि भाजत मात्र नाही.

मी सहज तिला तनुजाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, भट्टी दाखवता येते, तर रस्ता का नाही?"

एका शनिवारी ती डबा घेऊन आली. आम्ही हॉलमधले बाक भिंतीला लावले आणि फरशीवर खडूनं मोठा चौकोन आखला. पहिली मीच बसले, म्हणजे उभी राहिले. चष्म्यावर डबा चढवताना कान दुखले. मग हॉल गेला. मी एका रुंद, स्वच्छ रस्त्याच्या कडेला उभी होते. समोर पांढरे पट्टे, पलीकडे सिग्नल, लाल गाडी माझ्यासाठी थांबलेली. गाडीला हात लावावा म्हणून मी हात पुढं केला आणि तो सुजाताच्या खांद्यावर पडला. माझं वय, माझी नोकरी, सगळं विसरून मला पुन्हा पुन्हा मान वळवून बघावंसं वाटत होतं. मागं काय आहे? वर आभाळ आहे का? होतं. त्यात एक विमानही होतं.

पोरांना मात्र तो रस्ता पटला नाही.

"ह्यो कुठला रस्ता, टीचर?" चौथीतल्या एका पोरानं विचारलं. "ह्येच्यावर ट्रॅक्टर न्हाय. म्हस न्हाय. आनि गाड्या आपल्यासाटी थांबत्यात."

"थांबायलाच पाहिजेत," सुजाता म्हणाली.

"पायजेत, पन थांबत न्हाईत की."

त्यापेक्षा मजेशीर गोष्ट दुसरीच झाली. पोरं मुद्दाम गाडीपुढं जाऊ लागली. गाडी अंगावर आली की पडदा पांढरा व्हायचा आणि खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा. तेवढ्यासाठी रांग लागली. सुजाता कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पडला.

"बाई, मी यांना काय शिकवतेय? पुन्हा डाव मिळतो, हेच ना?"

पुढच्या खेपेला तिनं ते बदलून आणलं. आता चूक झाली की पडदा करडा व्हायचा, आवाज बंद व्हायचा आणि तो तसाच राहायचा. डबा काढून दुसऱ्याला द्यावा लागायचा. कुणी रागावायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही. त्या नुसत्या करड्या रंगानं पोरं एकदम शहाणी झाली.

रस्ताही तिनं आमचाच आणला. दोन दिवस ती काठीला कॅमेरा बांधून टपरीसमोर उभी होती. कॅमेरा पार खाली, तिच्या कमरेच्या जरा वर. ट्रॅक्टरवाले हसायचे, कुणी विचारायचं, "आक्का, पिच्चर काढालीस काय?" कॅमेरा इतका खाली का, असं मीही विचारलं.

"साडेतीन फूट," ती म्हणाली. "तिसरीतल्या पोराचे डोळे तिथं असतात. तुमचे-माझे डोळे घेऊन गेलो तर आपला रस्ता दिसेल, त्यांचा नाही."

मी या शाळेत कितीतरी वर्षं शिकवते. त्या पोरांच्या उंचीवर जाऊन मी त्यांची अक्षरं बघितली आहेत, दात बघितले आहेत, रस्ता कधी बघितला नव्हता. बघता येतो, हेच सुचलं नव्हतं.

नव्या रस्त्यात ट्रॅक्टर होते, त्यांची गाणी होती, सुजातानं नंतर घातलेल्या मोटरसायकली होत्या. पहिल्या रस्त्यात डब्यातून इंग्रजीत सूचना देणारी बाई गेली होती आणि तिच्या जागी सुजाताचाच आवाज होता, एकदा मराठीत, एकदा कानडीत. पाऊल पुढं टाकलं की पलीकडची कडही जवळ यायची. बाकीची पोरं तिच्या लॅपटॉपसमोर गर्दी करायची, कारण डब्यातल्या पोराला जे दिसतंय ते तिथं दिसायचं, आणि त्याची नजर जिथं असेल तिथं एक पिवळा ठिपका फिरायचा.

त्या ठिपक्यानं मला खिळवून ठेवलं. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, हे सगळ्या शाळांत शिकवतात, मीही शिकवते. पोरं अगदी तसंच करत होती. मान उजवीकडे, मान डावीकडे, पुन्हा उजवीकडे. पण ठिपका कुठंच थांबत नव्हता. प्रार्थनेचे शब्द तोंडातून जावेत तशी नजर रस्त्यावरून जात होती. मान वळली होती, बघणं झालं नव्हतं. मग बघणं म्हणजे नेमकं काय? मी पोरांनाच विचारू लागले. "उजवीकडं काय होतं रं?" "ट्रॅक्टर." "किती लांब?" "लांब." "थांबलेला की चाललेला?" इथं पोरगं डबा काढून माझ्याकडे बघायचं. हा प्रश्न रस्त्याला विचारायचा असतो, हे त्याला नवीन होतं. पुढं पुढं पोरं डब्यात स्वतःशीच पुटपुटू लागली. "थांबलाय. न्हाय, चाललाय. मागं ट्राली हाय. आनिक एक हाय." आणि ठिपका थांबू लागला.

तनुजा पहिले काही दिवस डब्याला शिवलीच नाही. ती लॅपटॉपसमोर मांडी घालून बसायची. एकदा तिच्याच वर्गातली मुलगी डब्यात होती. ट्रॅक्टर गेला, ट्रॉल्या गेल्या, मुलीनं पाय उचलला.

"आता नगं गं," तनुजा हलक्या आवाजात म्हणाली.

मुलीनं पाऊल टाकलं. पडदा करडा झाला. ट्रॉलीमागून मोटरसायकल आली होती. सुजातानं माझ्याकडे बघितलं. आम्हाला कुणालाच ती मोटरसायकल दिसली नव्हती.

"तुला कसं कळलं?" सुजातानं तिच्याशेजारी बसत विचारलं.

"ट्रालीच्या खालनं चाक दिसलं," तनुजा म्हणाली.

पोरगी घाबरते म्हणून तिला कमी दिसतं, असं आम्ही धरून चाललो होतो. भीतीनं तिचे पाय बांधले होते, डोळे मात्र इतरांपेक्षा जास्त उघडले होते. आजही मी त्यावर विचार करते. भीती घालवायची म्हणजे नक्की काय घालवायचं आणि काय ठेवून घ्यायचं, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

एक दिवस ती आपणहून उठली आणि डबा घातला. चौकोनाच्या कडेला उभी राहिली. ट्रॅक्टर आले, गेले. रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला. ती हलली नाही. सुजाता एका पोराला थोडाच वेळ डबा घालू द्यायची, डोळ्यांना ताण नको म्हणून. तनुजाचा सगळा वेळ उभं राहण्यातच गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरं कुजबुजू लागली, तर सुजातानं त्यांना गप्प केलं.

"तिला बघू दे. तिचा रस्ता आहे."

तिसऱ्या खेपेला तिनं चौकोन ओलांडला. सावकाश, न पळता. डबा काढल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

ती विचार करून म्हणाली, "बाई, ह्यो रस्ता हलत न्हाय. खरा रस्ता पायाला हलतोय."

ट्रॅक्टर जाताना जमीन थरथरते, ते डब्यात नव्हतं. सुजातानं कपाळाला हात लावला आणि हसली. ते तिला आणता येणार नव्हतं. खऱ्या रस्त्याचा तेवढा भाग खऱ्या रस्त्यावरच शिकायचा होता.

याच सुमाराला भरमाण्णा शाळेत आले. उंच, दांडगा माणूस. रात्रभर रांगेत काढून आलेला, डोळे लाल. ट्रॅक्टर टपरीसमोर नेहमीच्या जागी लावून आले होते.

"बाई, लेकरांच्या डोळ्यावर काय बांधतासा म्हनं. आमच्या पोरीला काय व्हायाचं न्हाय न्हवं?"

सुजातानं त्यांना समजावण्याऐवजी डबाच पुढं केला. "अण्णा, तुम्हीच बघा की."

ते आधी लाजले. मग टोपी काढून तनुजाच्या हातात दिली आणि डबा चढवला. सुजातानं टपरीसमोरची, ट्रॉल्यांमागची जागा लावली, जिथून तनुजा त्या दिवशी बाहेर आली होती. आम्ही लॅपटॉपवर बघत होतो. समोर मोठं चाक, त्यावर वाळलेला चिखल, वर उसाची लोंबणारी टोकं, आणि दोन ट्रॉल्यांमधून दिसणारी रस्त्याची एक फट. भरमाण्णांनी मान उजवीकडे नेली. चाक. डावीकडे नेली. ऊस. मग त्यांनी टाचा उचलल्या. एवढा उंच माणूस हॉलच्या मध्यभागी चवड्यांवर उभा राहून मान ताणत होता, आणि पडद्यावर काहीच बदलत नव्हतं. उंची सुजातानं साडेतीन फुटांवर बांधून टाकली होती.

"दिसंना की काय," ते म्हणाले.

"तेवढंच दिसतंय, आप्पा," तनुजा म्हणाली.

त्यांच्या टाचा खाली टेकल्या. ते तसेच उभे राहिले, हात बाजूला सोडून. बऱ्याच वेळानं त्यांनी डबा काढला, टोपी घेतली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. आम्हाला ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी तो टपरीपासून काढून पुढं, वळणापलीकडच्या पडीक शेतात नेऊन लावला आणि तिथून चालत टपरीवर आले.

पुढचे काही दिवस ते टपरीवर इतर ड्रायव्हरांशी बोलत होते. काहींनी ऐकलं. काहींनी, "एवढं लांब कोन चालतंय च्याला," म्हणून जागेवरच लावलं. दोघांशी त्यांची जोराची बाचाबाची झाली. टपरीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक तुटणार, पण चहाला माणूस येतोच. भिंत पूर्ण गेली नाही. तिला खिंडार पडलं, एवढंच. यंदा काय होतंय ते अजून बघायचं आहे. काल त्या पहिल्या ट्रॅक्टरमागून आणखी आले, तेव्हा शाळा सुटल्यावर मी वळणापर्यंत जाऊन बघितलं, तर दोन पडीक शेतात होते आणि एक टपरीसमोर.

सुजाता आता दुसऱ्या शाळांतही जाते. प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन तिथला रस्ता घेते. डब्यातून आलेलं पोरगं खऱ्या रस्त्यावर खरंच जास्त सावध असतं का, असं मी तिला विचारलं होतं. "काही दिवस तरी असतं," ती म्हणाली. "नंतरचं मलाही बघायचंय." तिचं हे मला आवडतं. तिला माहीत नसलेलं ती माहीत नाही म्हणते.

त्या संक्रांतीच्या आधीची एक सकाळ मात्र मला माहीत आहे. सुमनआक्का लेकीला घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. आदल्या दिवशीच ठरलं होतं. मी पलीकडे जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले. थंडी होती, टपरीवरून आल्याच्या चहाचा वास येत होता. तनुजानं आईचा हात आपणहून सोडला.

तिनं डांबराच्या कडेला पाय टेकवले. बोरगावकडून ट्रॅक्टर आला. जमीन थरथरली, मला माझ्या चपलांतून कळलं. मी तनुजाच्या पायांकडे बघत होते. ते थिजले नव्हते. ट्रॅक्टर गेला, ट्रॉल्या गेल्या, मागून एक मोटरसायकल गेली. रस्ता मोकळा झाला. मला वाटलं, आता. ती उभीच. मग ती वळली आणि कडेकडेनं, टपरीपासून दूर, जिथून दोन्हीकडचं वळण दिसतं तिथंपर्यंत चालत गेली. ही जागा आम्ही तिला दाखवली नव्हती. डब्यातल्या रस्त्यात ती नव्हतीच. तिथं उभं राहून तिनं बघितलं, नुसती मान न वळवता, थांबून थांबून बघितलं, आणि चालायला लागली. दप्तर पाठीवर हलत होतं. पलीकडची कड आली, तिनं पाय वर घेतले आणि शाळेच्या फाटकातून आत गेली.

सुमनआक्काचा हात अजून अर्धवट पुढं होता.

"मागं वळूनबी बघितलं न्हाय," ती म्हणाली.

"रस्त्यात मागं बघायचं नसतं, आक्का."

"व्हय की," ती म्हणाली. मग हात खाली घेतला, पदर सारखा केला, पुन्हा सोडला. त्या हाताला काय काम द्यावं ते तिला सुचत नव्हतं.

बस आली. त्या दिवशी तिला वेळेवरची बस मिळाली. ती चढली. आमच्या बाजूच्या खिडक्या रिकाम्या होत्या, पण ती माणसांमधून वाट काढत पलीकडच्या बाजूला, शाळेकडच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बस हलली, वळणापर्यंत गेली, तरी मला मागच्या काचेतून तिची पाठच दिसत होती.